ताटातल्या भाकरीचा हिशेब

भारत हा कृषिप्रधान देश आहे, हे वाक्य लिहून दरवर्षी लाखो विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण होतात. आज आपल्या घरी शिजलेले अन्न कोणत्या जमिनीतून, कोणाच्या श्रमातून आणि कोणत्या भावाने आले, हे मात्र त्यांना कोणी विचारीत नाही. परभणी जिल्ह्यातील जिंतूरसारख्या, शेतीवरच जगणाऱ्या तालुक्यात तरी हा प्रश्न वर्गात विचारला गेला पाहिजे. तो नेटाने विचारला, तर अर्थशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांतून सहजी न उमगणाऱ्या कित्येक गोष्टी दहावीच्या मुलाला स्वतःच्या ताटावरून उमगू शकतात.

प्रथम भाकरी घेऊ. ज्वारी हे या मुलखाचे पिढीजात अन्न. आज पावसाळ्यात शिवारात नजर टाकली, तर सोयाबीन आणि कापूस यांचेच राज्य दिसते. ज्वारी का मागे पडली, हे विद्यार्थ्याने घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. १९६४ नंतर संकरित ज्वारी आली, उत्पादन वाढले. पण खरिपाचा दाणा उशिराच्या पावसात काळा पडे आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नसे. पाखरे राखावी लागत, काढणी-मळणीला माणसे लागत. सोयाबीन साधारण शंभर-एकशेदहा दिवसांत निघते आणि हाती रोख पैसा येतो. ज्याला सणापूर्वी दुकानदाराची उधारी फेडायची आहे, त्याने सोयाबीन पेरले तर त्याला अडाणी कसे म्हणावे? मात्र ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गोठ्यातली जनावरे घटली, जनावरांबरोबर शेणखत गेले, ही साखळीही विद्यार्थ्याने वहीत मांडली पाहिजे.

याच वहीत शासनाच्या धोरणाचीही नोंद हवी. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले आणि सरकारी खरेदीची मोठी यंत्रणा मुख्यतः गहू व तांदूळ यांच्याभोवती उभी राहिली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळते. हा हक्क मोलाचा आहे आणि तो टिकलाच पाहिजे. तथापि ज्वारीच्या मुलखात गरिबाला गहू-तांदूळ फुकट मिळावा आणि ज्वारी विकत घ्यावी लागावी, हा काही निसर्गाचा नियम नव्हे. हा माणसांनी केलेल्या धोरणाचा परिणाम आहे.

आता फोडणीचे तेल. जिंतूरचा शेतकरी तेलबी पिकवितो आणि तेलाचा डबा दुकानातून आणतो. सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम पाचवा हिस्सा. उरते ती पेंड कोंबड्यांच्या खाद्याला आणि निर्यातीला जाते. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात होते, त्यातले बरेचसे पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून. आयातशुल्क किती ठेवायचे हे दिल्लीत ठरते आणि त्याचा धक्का मोंढ्यातल्या सोयाबीनला बसतो. २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता. प्रत्यक्षात असंख्य शेतकऱ्यांना त्याहून पुष्कळ कमी भावात माल घालावा लागला. जाहीर झालेला भाव आणि हाती पडलेला भाव यांतील वजाबाकी विद्यार्थ्याने स्वतःच्या घरच्या पट्टीवरून करावी. गणिताचा असा धडा तो जन्मभर विसरणार नाही.

पाण्याचेही तसेच. पूर्णा नदीवरील येलदरी धरण याच तालुक्यात आहे. त्याचे पाणी खाली सिद्धेश्वर जलाशयात जाते आणि तेथून कालव्यांनी परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांतील शेतांना मिळते. धरण आपल्या तालुक्यात असताना आपली इतकी जमीन कोरडवाहू का? या प्रश्नाचे निम्मे उत्तर भूगोल देतो, कारण पाणी उताराकडेच धावते. उरलेले निम्मे उत्तर शोधताना उपसा कोणाला परवडतो आणि पाण्याच्या वाटपात कोणाचा शब्द चालतो, येथवर यावे लागते.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगणारी माणसे अजून गावोगावी आहेत. रेशनवरचा लाल मिलो, दुष्काळी कामावरची सुकडी आणि खडी फोडून मिळालेली मजुरी यांविषयी त्यांना विचारावे. पिके बुडूनही लक्षावधी कुटुंबे तगली, कारण त्यांच्या हाताला काम आणि कामाला दाम मिळाले. याच अनुभवाच्या बळावर १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी १९८१ साली हेच दाखवून दिले, की धान्य उपलब्ध असूनही ते मिळविण्याची ऐपत नसल्यामुळे माणसे मरतात.

आणखी एक रकाना राहतो, श्रमाचा. निंदणी, खुरपणी, वेचणी बव्हंशी स्त्रिया करतात. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहिती खात्यांपैकी सुमारे १४ टक्केच स्त्रियांच्या नावे होती. आई दिवसभर राबते ते शेत कागदावर कोणाचे आहे, हे सातबारा वाचल्यावर मुलाला कळते. भूमिहीन मजुराच्या मुलाला त्याहून कठोर सत्य कळते.

यावर, शाळेत राजकारण आणू नका, असा आक्षेप येईल. आम्हांस तो मान्य नाही. शेतकऱ्याच्या कष्टातून सरकारी तिजोरी भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, हे जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले होते. १९३७ साली वर्धा येथे गांधीजींनी मांडलेल्या नई तालीमचा आधारही उत्पादक श्रम हाच होता. भाव, पाणी आणि मजुरी यांच्याविषयी मौन बाळगणारे शिक्षण तटस्थ नसते. जे आहे तेच अटळ आहे, असे ते मुलांच्या मनावर बिंबविते.

कार्यकर्त्यांनी येथे हात लावण्याजोगे काम आहे. गावातल्या शिक्षकांना भेटावे. एका वर्गाने एका आठवड्याच्या जेवणाचा हिशेब मांडावा: पदार्थ कोणता, आला कोठून, पिकविला कोणी, त्याला काय मिळाले, आपण काय दिले. मोंढा, रेशन दुकान, येलदरी, परभणीचे कृषी विद्यापीठ या ठिकाणी मुलांना न्यावे. उत्तरे आपण देऊ नयेत, ती त्यांना शोधू द्यावीत. आपली गरिबी नशिबाने आलेली नसून तिच्यामागे माणसांनी घेतलेले निर्णय आहेत, हे ज्याने स्वतःच्या वहीत आकड्यांनिशी पाहिले, तो तरुण उद्या ग्रामसभेत गप्प बसणार नाही.