अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत

स्त्रियांवरील हिंसाचार म्हटला की वर्तमानपत्रांतील भीषण घटना आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु बहुतांश हिंसा घराच्या चार भिंतींआड घडते आणि मराठवाड्यात तिचा आरंभ अनेकदा कोवळ्या वयातील विवाहापासून होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाला होता. परभणी व बीड जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते. शाळा सुटलेली, कमाई नसलेली, पंधरा-सोळा वर्षांची मुलगी सासरी मार खाते, तेव्हा दाद मागण्याचे बळ तिने कोठून आणावे?

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे. त्यानुसार संरक्षण अधिकाऱ्यास कोणीही माहिती देऊ शकतो आणि सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणतेही दायित्व येत नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार आपल्या राज्यात गावपातळीवरील जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. महिलांसाठी १८१ आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. परंतु क्रमांक फिरवायला कोणीतरी पुढे यावे लागते. ‘दुसऱ्याच्या घरचा मामला’ म्हणून आपण गप्प बसतो आणि कायदा तालुक्याच्या कचेरीतच राहतो.

मुलीचे लग्न लवकर उरकणारे सगळेच आईवडील निर्दयी नसतात. ऊसतोडीला जाताना वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवावी, हा त्यांच्यापुढील खरा प्रश्न असतो. निवासी शाळा हे त्या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे. मुलगी वसतिगृहात सुरक्षित असेल आणि शिकत असेल, तर लग्नाची घाई करण्याचे एक मोठे कारण उरत नाही.

समाज पुढे झाला की शासनही मागे येते, याचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडचे आहे. मे २०२२ मध्ये तेथील ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरविण्यास सांगितले. ठराव आधी गावाचा झाला, कागद नंतर निघाला.

आपल्याला तर वारसाही मोठा आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींच्या लग्नाची घाई करू नका आणि पत्नीने पतीची दासी नव्हे तर मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, असे सांगितले होते. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पत्नीचा सन्मान करणे आणि तिचा अवमान न करणे हे पतीचे कर्तव्य मानले आहे. पाचवे शील मोडून दारूच्या नशेत बायकोवर हात उगारणारा माणूस विहारात पुढच्या रांगेत बसत असेल, तर त्याला खडसावणे हे उपासकांचेच काम आहे.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. विवाहविधी लावण्यापूर्वी बौद्धाचार्यांनी वधूवरांच्या वयाचे दाखले पाहावेत. बालविवाह लावणाऱ्यालाही कायद्याने दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उन्हाळी सुटीनंतर जी मुलगी शाळेत परतली नाही, तिच्या घरी आठ दिवसांच्या आत शिक्षक आणि गावातील एखाद्या माजी विद्यार्थ्याने जावे. आणि वसतिगृहातील मुलांनाही स्वयंपाक, धुणीभांडी व सन्मानाची भाषा शिकवावी. उद्याचे पती तेच आहेत.

‘विहारात नकार मिळाला तर लोक दुसरीकडे लग्न लावतील,’ असे कोणी म्हणेल. काही लावतीलही. परंतु ज्या घरात आईच्या मनात लग्न नाही आणि मुलगी रडते आहे, तेथे तो नकार त्या दोघींचा आधार होईल. तेवढ्या आधारावर पुष्कळ मुली अठरा वर्षे ओलांडतील आणि दहावी-बारावीची परीक्षाही देतील.