डावी कूस, उजवी कूस

वसईजवळच्या राजोडीतल्या एका घरात गेल्या पावसाळ्यात एक वही पाहिली. शाळेच्या पोरांची असते तसली, दोनशे पानी, वर कार्टूनचं चित्र. आत पट्टीने रकाने आखलेले: वेळ, कूस, पाठ, लघवी, इतर. आजोबांचं खुब्याचं हाड मोडून तीन महिने झाले होते. ऑपरेशन नीट पार पडलं, पण आजोबा काही पुन्हा उभे राहिले नाहीत. मुलगा आखातात, सून सकाळची विरार लोकल धरणारी, म्हणून ब्यूरोतून बाई आणलेली. वसईत ‘सिस्टर’ म्हटलं की आधी मठातली धर्मभगिनी आठवते, मग इस्पितळातली नर्स. या बाईंच्या वाट्याला दोन्ही अर्थ आले नव्हते. त्या नुसत्या ‘मावशी’. शाळा दहावीपर्यंत, बाकीचं शिक्षण परक्यांच्या बिछान्याशेजारी उभं राहून झालेलं.

वहीतल्या दोन नोंदी लक्षात राहिल्या. एक: ‘पहाटे ४. डावी कूस. माकडहाडावर लाल चट्टा. दाबला तरी पांढरा होत नाही.’ दुसरी त्यानंतर आठवड्याने: ‘पावडर टाकली की घामाने नुसता चिखल. पावडर बंद केली.’

पहिल्या नोंदीत बेडसोरची पहिली पायरी जशीच्या तशी उतरली आहे. बोटाने दाबल्यावर फिकी न पडणारी लाली ही धोक्याची खूण, असं जगभरचे नर्सिंगचे ग्रंथ सांगतात. मावशींनी त्यातला एकही उघडलेला नाही. दुसरी नोंद म्हणजे सरळ प्रयोग आहे. करून पाहिलं, बिघडलं, थांबवलं, लिहून ठेवलं.

याच कामाने लंडनच्या डोरीन नॉर्टन या नर्सचं नाव झालं. इस्पितळातल्या म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेवरचा तिचा अभ्यास १९६२ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांची पाठ जपायला वॉर्डांतून काय काय चोळलं जातं, याची तिने चौकशी केली तेव्हा औषधं, मलमं आणि पावडरींची लांबलचक यादी निघाली. ज्या त्या वॉर्डाचा आपल्या डबीवर विश्वास. पडताळून पाहिल्यावर निघालं ते असं, की डबी कुठली याने फारसं बिघडत नाही; कूस ठरल्या वेळी बदलली का, याने बिघडतं. कुणाला जास्त धोका आहे ते ओळखण्यासाठी तिने पाच गोष्टींना गुण द्यायला सांगितले: शरीराची अवस्था, मनाची अवस्था, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा. वीसपैकी चौदा किंवा त्याहून कमी गुण म्हणजे सावध. पुढे १९८७ साली बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या अमेरिकी नर्सिंग संशोधकांनी त्वचेचा ओलेपणा, आहार, चादरीवर होणारं घर्षण हे सगळं धरून आणखी बारीक मोजपट्टी दिली. आपल्याकडच्या मोठ्या इस्पितळांत भरतात तो ‘ब्रेडन’ फॉर्म तोच. बेडसोर बहुधा रोगामुळे होत नाही, शुश्रूषेतल्या उणिवेमुळे होतो, असं फ्लॉरेन्स नाइटिंगेलने नॉर्टनच्या शंभर वर्षं आधीच म्हणून ठेवलं होतं. पण दोष कुणाचा ते सांगून पाठ बरी होत नाही. किती तासांनी वळवायचं हे विचारणारं कुणी लागतं.

नॉर्टनला साठ वर्षं उलटली तरी राजोडीपासून नालासोपाऱ्यापर्यंत केमिस्टकडे ‘पाठीला लावायला काहीतरी’ मागा, पुढ्यात स्पिरिट येतं. स्पिरिटने कातडी कोरडी पडते. लाल झालेल्या हाडावर मालिश केली तर आतला नाजूक भाग आणखी दुखावतो. बसायला देतात ती हवेची रिंग मधल्या जागेचा दाब कडेला ढकलते, एवढंच. आणि एअर बेड आणला की घरातले निर्धास्त होतात, जणू पंपाची घरघरच कूस बदलणार आहे.

मुंबईत असे प्रश्न कुणी विचारलेच नाहीत, असं मात्र नाही. भाजलेल्या जखमेवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी चालते का, हे परळच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. केसवानी आणि सहकाऱ्यांनी तपासलं. १९८५ साली त्यांचा पहिला अहवाल ‘बर्न्स’ या नियतकालिकात आला. पुढे सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान हाती घेतलं. त्यांचे आणि अकोलेकर यांचे दोन निबंध २००३ साली त्याच नियतकालिकात छापून आले. एकात केळीच्या पानाची तुलना बटाट्याच्या सालीशी, दुसऱ्यात, दुसरीकडे लावण्यासाठी कातडी काढून घेतलेल्या जागेवर, व्हॅसलीन गॉजशी. पान जखमेला चिकटत नाही. पट्टी बदलताना रुग्ण किंचाळत नाही. आणि खर्च इतका कमी की पालिकेच्या इस्पितळालाही जड जाऊ नये.

हे वाचून राजोडीतल्या माणसाला हसू यावं. हा सगळा पट्टाच केळीच्या वाड्यांचा. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली सुकेळी ही वसईची ओळख. आणि पानं पहाटे भाजी-फुलांबरोबर दादरला जातात, पंगतीसाठी, नैवेद्यासाठी. दादरहून सायन दोन स्टेशनं. जखमेवरच्या संशोधनाचा कच्चा माल वाडीच्या कुंपणाशी वाऱ्याने फाटत उभा आहे, आणि राजोडीत जखमेवर बसतो तो चिकटणारा कापूस.

इथे कुणी उठून वाडीतलं पान तोडून आईच्या पाठीवर बांधू नये. सायनला पान स्वच्छ करून, पट्टी तयार करून, वाफेने निर्जंतुक करून वापरलं होतं, तेही भाजलेल्या किंवा कातडी काढलेल्या वरवरच्या जखमांवर. खोल बेडसोर हे वेगळं प्रकरण. पान तसंच बांधलं तर तो आजीबाईचा बटवा झाला. एका रुग्णाच्या जखमेवर पान, दुसऱ्याच्या जखमेवर गॉज आणि मध्ये वही ठेवली की त्याचं शास्त्र होतं. आपल्याकडे बटव्याचे भक्त पुष्कळ आणि बटव्याची टिंगल करणारेही पुष्कळ. वही धरून बसणारे मोजके.

पोटावरच्या पिशवीचंही असंच. आतड्याच्या कॅन्सरनंतर कित्येकांना स्टोमा करावा लागतो, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर आणून बाहेर पिशवी लावायची. नीट चिकटणारी पिशवी सुचली ती एलिसे सोरेनसेन या डॅनिश नर्सला, १९५४ साली, आपल्या बहिणीचे हाल पाहून. प्लास्टिकचा कारखाना असलेल्या गृहस्थाने ती करायचं मनावर घेतलं, कारण त्याची बायको नर्स होती आणि ही काय चीज आहे ते तिला कळलं. ऑपरेशननंतर असं जगणं शिकवणाऱ्या पहिल्या प्रशिक्षकांपैकी अमेरिकेतली नॉर्मा गिल तर स्वतःच पिशवी बाळगणारी. तिच्या सर्जनने १९५८ साली तिला क्लीव्हलँडच्या इस्पितळात कामावर घेतलं आणि तीन वर्षांत तिथे या विषयाची शाळा निघाली. या शास्त्राची सुरुवातच मुळी बहीण, बायको आणि रुग्ण यांच्यापासून आहे.

स्टोमा कुठे करायचा याची खूण ऑपरेशनआधी पोटावर करतात. रुग्णाला बसवून, वाकवून, उभं करून पाहायचं, घडीत किंवा पट्ट्याखाली येणार नाही अशी जागा निवडायची. परदेशी पुस्तकातल्या चित्रात पँटचा पट्टा असतो. आमच्याकडे परकराची नाडी असते. लुंगीची गाठ असते. वसईच्या कुपारी समाजातल्या आजींचं कमरेला आवळून नेसलेलं लाल लुगडं असतं. आमची माणसं मांडी घालून जेवतात, वाडीत उकिडवं बसून निंदणी करतात, मे महिन्यात खाऱ्या वाऱ्यात घामाने निथळतात आणि मग परळला टाटा कॅन्सर रुग्णालयात तपासणीसाठी जायचं म्हणून विरार लोकलमध्ये चढतात, जिथे पोटावर कुणाचं कोपर येईल याचा नेम नाही. नाडी कुठे बांधावी, घामात गोंद किती तास टिकतो, गर्दीत पिशवी फुटली तर बाईने काय करावं? ही उत्तरं कोपनहेगनहून येणार नाहीत. त्यासाठी नालासोपारा ते चर्चगेट प्रवास केलेली नर्स पाहिजे.

तशा नर्सेस आहेतही. अडचण अशी की एम. एस्सी. नर्सिंगला गेल्यावर त्यांच्या हाती प्रबंधाचा जो विषय पडतो तो बहुधा ‘अमुकविषयी तमुक गटाच्या ज्ञानाची पातळी’ असा. प्रश्नावली द्यायची, तासभर शिकवायचं, पुन्हा तीच प्रश्नावली. गुण वाढतात. का नाही वाढणार? तासाभरापूर्वी सांगितलेलं कुणालाही आठवतं. रुग्णाची पाठ त्या प्रबंधात कुठेच नसते. वॉर्डात पाठ रोज पाहणाऱ्या सिस्टरकडे मात्र चाळीस रुग्ण असतात, आणि रात्रपाळीत तिने काही टिपलं तर ते ड्यूटी बदलताना तोंडी सांगून संपतं. मलमूत्र, पू, वास यांच्याशी संबंध असलेल्या कामात डोकं लागतं, हे आपल्या समाजाला अजून पटलेलंच नाही. ज्या कामासाठी आपण शतकानुशतकं ठरावीक जातींना आणि घरातल्या बायकांना जुंपलं, त्या कामातून ज्ञान निघू शकतं हे मान्य करणं सोपं नाही, हे खरं.

राजोडीचे आजोबा नाताळच्या आधी गेले. छातीत कफ भरला होता. पाठ शेवटपर्यंत फुटली नव्हती. माकडहाडावरचा तो चट्टा दहा दिवसांत फिका झाला होता. कसा, ते वहीत असणार: दर दोन तासांची कूस, मेणकापड काढून टाकलेला दिवस, टाचांखाली ठेवलेली उशी. मांडवाचे बांबू अजून अंगणात पडलेले असताना मी ती वही मागितली. खरं तर पावसाळ्यातच फोटो काढून ठेवायला हवे होते.

एअर बेड चर्चमार्फत दुसऱ्या घरी गेला होता. डायपरची न फोडलेली दोन पाकिटं केमिस्टने परत घेतली होती. “वही?” सून म्हणाली. “जुन्या पेपरांबरोबर गेली वाटतं.”

मावशी तोवर सत्पाळ्याला एका पॅरालिसिसच्या रुग्णाकडे लागल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, इथे नवीन केलीय, पण शंभर पानीच मिळाली.