मोटारीचा स्नेहक्षय

संस्कृतांत ‘स्नेह’ या एकाच शब्दाचे तेल आणि माया असे दोन अर्थ होतात. शाळेंत तीस-पस्तीस वर्षें तो शब्द शिकवितांना मी त्यास कोशांतील एक गंमत समजत होतों. गेल्या वैशाखांत आमच्या एकोडीच्या घरीं जो प्रसंग घडला, त्यानें ते दोन्ही अर्थ एकाच सकाळीं माझ्यापुढें उभे केले. ज्यांच्या घरीं जुनी मोटार आहे, त्या वाचकांस तो उपयोगी पडेल म्हणून येथें सांगतों.

आमच्या अंगणांत थोरल्या बंधूंनीं हौसेनें घेतलेली एक पद्मिनी मोटार आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत या गाड्या तयार होत. पद्मिनी हें नांव त्यांस १९७४ पासून मिळालें. मुंबईंतील या जातीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून निवृत्त झाल्या. आमच्या गाडीचें वय तिशीपलीकडे गेलें आहे. मोटारीचीं तीस वर्षें म्हणजे माणसाचीं ऐंशी समजावीं.

वहिनींच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं नागपुरास जावयाचें होतें. साकोली, लाखनी, भंडारा करीत सुमारें शंभर किलोमीटरांचा रस्ता, आणि दिवस वैशाखाचे. म्हणून पहांटेसच निघण्याचें ठरलें. पुतण्यानें किल्ली फिरविली. मी शेजारीं बसलों होतों. समोरच्या फळीवर तेलाचा तांबडा दिवा लागला नाहीं, हें माझ्या ध्यानांत आलें.

दिवा लागला नाहीं यांत काळजीचें काय, असें कोणी विचारील. नियम असा आहे कीं, किल्ली फिरवून इंजिन सुरू होण्यापूर्वीं तो दिवा लागलाच पाहिजे आणि सुरू होतांच विझला पाहिजे. प्रथमच लागत नसेल, तर दिवा तरी गेला आहे किंवा त्याची तार तरी तुटली आहे. म्हणजे पहारेकरीच झोपला आहे. मीं पुतण्याकडे पाहिलें. तो खालीं पाहूं लागला.

“काका, महिनाभर दिवा लुकलुकत होता. मिस्त्री म्हणाले, जुन्या गाडीचें असें व्हायचेंच. त्यांनीं जाड तेल घातलें. तरीही दिवा राहीना, तेव्हां त्यांनीं तारच काढून ठेवली. बाबांना उगीच काळजी नको, म्हणून मी बोललों नाहीं.”

मीं गाडी बंद करावयास सांगितलें व भाड्याची गाडी बोलाविली. बंधू रागावले. “तीस वर्षें चालली, ती आज एक दिवस चालणार नाहीं काय?” असें ते म्हणाले. मीं उत्तर दिलें नाहीं. मधल्या रस्त्यावर भर उन्हांत इंजिन जखडलें, तर वहिनींस घेऊन आम्ही काय करणार होतों, हा विचार माझ्या मनांत होता.

आतां मूळ शास्त्र पाहूं. तेलाचा पंप दाब उत्पन्न करतो अशी सामान्य समजूत आहे, ती अपुरी आहे. पंप केवळ तेल ढकलतो. त्या तेलास अरुंद वाटेंत जो अटकाव होतो, त्यानें दाब येतो. धानाच्या बांधींत पाणी सोडतांना नळीचें तोंड अंगठ्यानें दाबलें कीं धार जोरानें उडते, तसेंच हें. इंजिनाचा मुख्य फिरता दांडा आणि त्याचीं बेअरिंगें यांच्यामध्यें केसाच्या जाडीएवढी, बहुधा त्याहूनही बारीक फट असते. झिजेनें ती फट दुप्पट झाली, तर त्याच दाबाखालीं तिच्यांतून निसटणारें तेल दुप्पट नव्हे, सुमारें आठपट होतें. पंपास तेवढें तेल पुरवितां येत नाहीं आणि दाब उतरतो.

त्या फटींतील तेलाचें सामर्थ्य थोडें नसतें. १८८३ सालीं इंग्लंडांत बीचम टॉवर हे रेल्वेच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत असतां, तेलाच्या भोंकांत ठोकलेली लाकडी खुंटी आंतील तेलानें बाहेर ढकलून दिली. पुढें १८८६ सालीं ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनीं त्याचें गणित मांडलें. फिरता दांडा आपल्या गतीनें तेलाची पाचर खालीं ओढून घेतो आणि धातूवर न टेकतां तिच्यावर तरंगतो. पंपाचें काम ती पाचर कधीं तुटूं न देणें हें होय. ती तुटली कीं धातूवर धातू घांसतो, आणि कांहीं मिनिटांतच इंजिनाचा घात होऊं शकतो.

आपल्या वैद्यकांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. तांबडा दिवा हें केवळ रूप होय. तो रोग नव्हे. जाड तेल घातल्यानें दाब कांहींसा वाढतो खरा, परंतु कारण तसेंच राहतें. तार काढणें ही तर चिकित्साच नव्हे.

नागपुराहून परतल्यावर मीं दुसऱ्या एका जाणत्या मिस्त्रींस बोलाविलें. त्यांनीं प्रथम गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन थांबल्यावर तेल खालीं उतरूं दिलें आणि मग पट्टी काढून पाहिली. आम्हांस वाटत होतें, तेल कमी असेल. तें वरच्या खुणेच्याही वर होतें! पट्टी नाकाशीं धरतांच पेट्रोलचा वास आला. पेट्रोलपंपाचा रबरी पडदा वयोमानानें चिरला होता आणि पेट्रोल झिरपून तेलाच्या चेंबरांत उतरत होतें. जाड तेलही त्यामुळें पातळ झालें होतें. हा दोष कारखान्याचा नव्हे, वयाचा आणि आमच्या हयगयीचा. गाडी अलीकडे पेट्रोल अधिक पिते अशी तक्रार मीच दोन महिने करीत होतों. तें पूर्वरूप होतें, पण मला उमगलें नाहीं. हल्लींच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलानें जुनें रबर लवकर बिघडूं शकतें, हेंही जुन्या गाड्यांच्या धन्यांनीं ध्यानीं ठेवावें. चेंबरांत पेट्रोल असलेली गाडी मुळींच चालवूं नये. आगीचेंही भय असतें.

पडदा बदलला, सर्व तेल व फिल्टर बदलले, तार जोडली. परंतु मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहींत. दिव्याची कळ काढून त्यांनीं त्या भोंकांत दाबाचें मीटर बसविलें आणि इंजिन पूर्ण तापूं दिलें. थंड इंजिनांत तेल घट्ट असतें व दाब नेहमींच चांगला दिसतो. खरी परीक्षा तापल्यावर होते. स्थूल नियम असा कीं, दर हजार फेऱ्यांस चौरस इंचावर सुमारें दहा पौंड दाब असावा. दिवा मात्र सामान्यतः दाब पांच-सात पौंडांपर्यंत उतरल्यावरच लागतो. म्हणजे तो फार उशिरां बोलतो. आमच्या गाडीचा दाब नियमास उतरला. बेअरिंगें थोडीं झिजलीं असतील, पण इंजिन खोलण्याची वेळ आलेली नव्हती.

दाब अजूनही कमी भरता, तर पुढील क्रम त्यांनीं समजावून दिला: चेंबर उतरवून तेल ओढणारी जाळी गाळानें बुजली आहे काय तें पाहणें, जादा दाब सोडणारी झडप उघडी अडकली किंवा तिची स्प्रिंग मरगळली आहे काय तें पाहणें, मग पंपाचे दाते, आणि शेवटीं बेअरिंगें. स्वस्त तें आधीं, महाग तें नंतर. चालत्या गाडींत दिवा लागला, तर पुढच्या गांवापर्यंत जाण्याचा मोह धरूं नये. बाजूस घेऊन इंजिन तत्काळ बंद करावें आणि पट्टी पाहावी. तेल पुरेसें असूनही दिवा जात नसेल, तर गाडी ओढूनच न्यावी.

सायंकाळीं बंधूंनीं स्वतः किल्ली फिरविली. दिवा लागला, इंजिन सुरू होतांच विझला. ते कांहीं बोलले नाहींत. मुलाच्या पाठीवरून मात्र त्यांनीं हात फिरविला. पुतण्यानें लपविलें तें मायेपोटींच, याविषयीं मला शंका नाहीं. एकत्र कुटुंबांत असेंच होतें. एकमेकांस त्रास नको म्हणून आपण किती तारा काढून ठेवतों!

वहिनी ओसरीवर डोळ्यास हिरवी पट्टी लावून बसल्या होत्या. त्या हंसून म्हणाल्या, “भावजी, त्याला एकट्याला बोलूं नका. वर्षभर मला धूसर दिसत होतें. मींही माझी तार काढूनच ठेवली होती.”