पाहुणा तुमचा, पदवी आमची

पदवीदान जवळ आलं की कुलगुरूंची पाहुण्यासाठी धावपळ सुरू होते. मंत्री गाठा, उद्योगपती गाठा. पुढची वर्णी कुठं लागंल, एवढाच हिशेब. पोरांनी झगे घालून खाली बसायचं आन् वरून राष्ट्रउभारणीचे डोस प्यायचे. का म्हणून?

दोस्तांनो, २२ जानेवारी २०१६ आठवा. लखनौचं बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ. हैदराबादेत रोहित वेमुला जाऊन पाचच दिवस झालेले. पदवीदानाला पाहुणे पंतप्रधान. आपली पोरं उठली, भर सभेत घोषणा दिल्या. त्यांना बाहेर काढलं. मग पाहुण्यांनी भाषणात रोहितच्या आईचं दुःख काढलं. ज्यांच्या घोषणांनी ते सभागृहात शिरलं, ती पोरं दाराबाहेर! नाव बाबासाहेबांचं, रीत मात्र गावच्या पाटलाची.

मी म्हणतो, पाहुणा पदवी घेणाऱ्यांनीच निवडावा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला १९७८च्या ठरावापासून १९९४ उजाडलं. पोचीराम कांबळेला मारलं, वस्त्या जाळल्या. १९७९ साली नामांतराच्या लाँग मार्चला निघालेली एखादी म्हातारी बोलवा की भाषणाला! तिला व्यासपीठाचे शिष्टाचार ठाऊक नाहीत म्हणता? तुमच्या शिष्टाचारांनी शिष्यवृत्ती तरी कधी वेळेवर आली का?

झगाबिगा नको तिला. मधली खुर्ची द्या, आन् बोलताना माईक बंद करू नका.