ब्रेक कोणत्या पायाशी?



उदगीरहून एका वाचक बंधूंचे पत्र आले आहे. मोंढ्यात त्यांची आडत आहे. साठच्या दशकात त्यांच्या वडिलांनी घेतलेली बुलेट घरात अजून उभी आहे. खेड्यापाड्यांतील उधारी-वसुली आणि तूर-हरभऱ्याची खरेदी त्या काळी याच गाडीवरून होत असे. आता लातूरला शिकणाऱ्या मुलाला ती दुरुस्त करून रोज वापरायची आहे. त्याच्या दोन मागण्या आहेत. पहिली, दोन्ही अंगांना अवजारांचे जादा डबे बसवावेत. दुसरी, डाव्या पायाचा ब्रेक उजवीकडे न्यावा आणि उजवा गिअर डावीकडे आणावा. आजींचे म्हणणे असे, की ‘ह्यांच्या’ गाडीचा एक खिळाही हलता कामा नये. दोघांच्या मध्ये सापडलेल्या वडिलांनी आम्हांस विचारले आहे, की यात योग्य काय? असाच पेच अनेक व्यापारी घरांत असू शकेल, म्हणून उत्तर सविस्तर देत आहे.

ही उलटी रचना आली कोठून?

बुलेट मूळची इंग्लंडच्या रॉयल एनफिल्ड कंपनीची. १९५० च्या दशकाच्या आरंभी भारतीय सैन्याने सीमेवरील गस्तीसाठी ती निवडली आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीतून मद्रासला तिचा कारखाना उभा राहिला. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असे. बुलेटने तीच रीत आणली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची १९६१ पासून निघालेली जावा मात्र डाव्या गिअरची आणि उजव्या ब्रेकची होती. आपल्या नगरच्या फिरोदिया परिवाराने १९७२ मध्ये आणलेल्या लूनाला पायाचा ब्रेकच नव्हता. तिचे दोन्ही ब्रेक हाताशी. म्हणजे एकाच गल्लीत तीन गाड्यांच्या तीन रीती नांदत होत्या.

१९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेने नियम केला, की गिअर डावीकडे व मागचा ब्रेक उजवीकडेच हवा. तेथे माल विकणाऱ्या ट्रायम्फ, नॉर्टन यांसारख्या ब्रिटिश कंपन्यांना आपल्या गाड्या बदलाव्या लागल्या. खुद्द अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनने आपल्या स्पोर्ट्स्टर गाडीत आधी जोडदांडे लावून गिअर डावीकडे आणला आणि दोन-तीन वर्षांत आतील रचनाच नव्याने केली. एवढ्या मोठ्या कारखान्यालाही जोडदांड्यांचा उपाय कायमचा म्हणून ठेवावासा वाटला नाही, हे आपल्या गावातील लेथवर असेच काम करून घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. मद्रासची बुलेट पुढेही कित्येक वर्षे जुन्या रीतीनेच बनत राहिली. म्हणूनच आजोबांचा पाय आणि नातवाचा पाय यांत हे अंतर पडले आहे.

संकटात पाय विचार करीत नाही

मुलाच्या मागणीत हौस असेल, पण तीत एक खरे भयही आहे. जुन्या बुलेटचा पहिला गिअर वर उचलून पडतो आणि पुढचे तीन खाली दाबून. आता नव्या गाडीवर शिकलेला मुलगा ती चालवीत आहे, बिदर रस्त्यावर समोर अचानक बैलगाडी आडवी आली, तर त्याचा उजवा पाय सवयीने खाली दाबला जाईल. तेथे ब्रेक नाही, गिअर आहे. गाडी थांबण्याऐवजी वरच्या गिअरमध्ये जाईल आणि इंजिनाचा जो थोडा रोध मिळत होता तोही कमी होईल. उलट, वळणावर गिअर उतरवावा म्हणून त्याने डावा पाय दाबला, तर मागचे चाक एकाएकी जखडून गाडी घसरेल. आजोबांचे या गाडीने कधी काही बिघडवले नाही हे आजींचे म्हणणे खरे आहे. कारण त्यांच्या पायाला दुसरी सवयच नव्हती. सकाळी नवी गाडी आणि सायंकाळी जुनी, असा आलटून पालटून वापर करणाऱ्याला मात्र धोका सर्वांत अधिक.

एक दिलासा आहे. पुढच्या ब्रेकची मूठ जुन्या-नव्या दोन्ही गाड्यांत उजव्या हाताशीच असते. म्हणून ब्रेक हलवायचा असो वा नसो, पहिला खर्च पुढच्या ब्रेकवर करावा. त्याचे शू, केबल आणि ड्रम यांची दुरुस्ती आधी होऊ द्यावी. थांबण्याची बरीचशी शक्ती पुढच्या चाकातच असते.

ब्रेक हलवायचाच झाल्यास

प्रथम हे समजून घ्यावे, की ब्रेक एकटा हलत नाही. उजवीकडे गिअर आहे, किक आहे आणि सायलेन्सरचा पाइपही त्याच अंगाने जातो. म्हणजे गिअर डावीकडे गेल्याशिवाय ब्रेकला जागा नाही. गिअर नेताना त्याची चाल उलटली की पूर्वीचीच राहिली, हे मिस्त्रीला स्पष्ट विचारावे. बाजू बदलली पण चाल जुनीच राहिली, तर अर्धा गोंधळ शिल्लकच राहतो.

बुलेटच्या मागच्या ब्रेकचा ड्रम चेनच्या दातेरी चक्राशी जोडलेला, डाव्या अंगाला असतो. मूळ पेडलही डावीकडेच, म्हणून मध्ये एक सरळ रॉड पुरतो. पेडल उजवीकडे नेल्यावर पायाचा जोर डावीकडे पोहोचवण्यासाठी फ्रेमच्या आडवा एक शाफ्ट टाकावा लागतो. सगळे यश या शाफ्टवर अवलंबून आहे. तो बारीक असेल तर पिळला जातो. पाय दाबला जातो, पण चाकापर्यंत जोर पुरता पोहोचत नाही. त्याला दोन्ही टोकांशी बुश हवेत, ग्रीस देण्याची सोय हवी आणि दांड्यांची जोडणी केवळ वेल्डिंगच्या भरवशावर न ठेवता चावीने पक्की केलेली हवी. प्रत्येक सांध्याला स्प्लिट पिन, पेडल परत आणणारी स्प्रिंग आणि ब्रेकच्या दिव्याचा स्विच यांपैकी एकही गोष्ट ‘नंतर पाहू’ म्हणून सोडू नये.

पुढचे गणित आपल्या व्यापारी वाचकांना सांगण्याची गरज नाही, कारण ते तराजूच्या दांडीचेच आहे. पेडलाची भुजा किती लांब आणि रॉड ओढणारी भुजा किती, या प्रमाणावर ब्रेकचा जोर ठरतो. रॉडकडची भुजा लांब झाली तर जोर घटतो. ती फार आखूड झाली तर जोर वाढतो, पण पेडल शेवटपर्यंत जाऊनही शू ड्रमला पुरते टेकत नाहीत. म्हणून जुने पेडल काढण्यापूर्वी त्याच्या दोन्ही भुजा मोजून वहीत लिहून ठेवाव्यात आणि नव्या रचनेत तेच प्रमाण राखावे. ब्रेक पूर्ण दाबला असता रॉड आणि ड्रमवरील दांडी यांत काटकोन व्हावा. तसा झाला तरच ओढ वाया जात नाही.

एक कसोटी सहसा केली जात नाही. खड्ड्यात मागचे चाक वरखाली होते, तेव्हा रॉडही सैल किंवा ताठ होतो. म्हणून दोन माणसे गाडीवर बसवून पेडलाची मोकळीक पुन्हा तपासावी. रिकाम्या गाडीचा ठीक वाटणारा ब्रेक दोघांच्या भाराने घासू लागला, तर ड्रम तापून घाटात नेमका दगा देतो. त्यानंतर मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर अत्यंत हळू वेगाने, मग थोड्या अधिक वेगाने पारखावे आणि शंभर-दीडशे किलोमीटर झाल्यावर सर्व नट-बोल्ट पुन्हा आवळावेत.

डब्यांची गोष्ट

जुन्या बुलेटला सीटखाली मूळचेच डबे असतात. आधी तेच स्वच्छ करून, कुलूप दुरुस्त करून वापरावेत. जादा डबे हवेच असतील तर फ्रेमला भोक पाडू नये, वेल्डिंगही करू नये. पट्ट्या आवळून बसवावेत आणि मध्ये रबराचे वॉशर द्यावेत, म्हणजे एका सिलिंडरच्या त्या दणक्याने पत्र्याला तडा जाणार नाही. तळाला पाणी निघून जाण्यासाठी लहान छिद्र असावे. डबा शक्य तितका खाली आणि पुढे, म्हणजे गाडीच्या मध्याजवळ असावा. मागे टांगलेल्या वजनाने गाडीचे तोंड हलके होते. उजवा डबा किक मारणाऱ्या पायाच्या आड येता कामा नये, तसाच तो सायलेन्सरला टेकता कामा नये.

डाव्या डब्याविषयी भगिनींच्या वतीने एक सूचना. जागा व्हावी म्हणून मागच्या चाकाची साडीगार्ड काढून टाकण्याची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते. मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात अडकू नये म्हणून चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला असावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितले आहे. साडीगार्ड काढावी लागत असेल तर डबा बसवू नये.

डब्यात काय असावे? प्लग पाना व एक जादा प्लग, मागच्या चाकाचा पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, क्लच व अॅक्सिलरेटरच्या केबली, चेनची जोडकडी, पंक्चरचे सामान. ही अवजारे जाड कॅनव्हासच्या गुंडाळीत, प्रत्येकास स्वतंत्र कप्पा करून ठेवावीत. त्यासाठी चामड्याच्या थैलीची काहीच गरज नाही. बॅटरी असलेल्या डब्यात लोखंडी पाना मुळीच टाकू नये. तो दोन टोकांवर आडवा पडला तर ठिणगी उडून आग लागू शकते.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ वाहनातील बदलांवर मर्यादा घालते. म्हणून फ्रेमला हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे आणि विमा कंपनीसही कळवावे. अपघातानंतर हा प्रश्न निघण्यापेक्षा आधी निघालेला बरा.

याखेरीज, २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकीस त्यांचा लाभ घेता येतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. पण दोन अटी आहेत. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आणि अशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती बाहेर काढावी लागते. म्हणजे घरातील वादाचा निर्णय कायदाच अर्धा करून देतो. गाडी वारसा म्हणून जपायची, की वाहन म्हणून रोज चालवायची, हे आधी ठरवले पाहिजे. एकाच गाडीकडून दोन्ही साधणार नाही.

समितीच्या दृष्टीने

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात पाच समिती सांगितल्या आहेत. त्या मुनिधर्माच्या असल्या तरी श्रावकाला त्यांतून घेण्यासारखे पुष्कळ आहे. ईर्या समिती म्हणजे जीवाला इजा होणार नाही अशा सावधपणे चालणे. रस्त्यावर आज आपण पायांपेक्षा चाकांनीच अधिक चालतो, तेव्हा तो सावधपणा ब्रेकच्या पायापर्यंत पोहोचला पाहिजे. आदान-निक्षेपण समिती म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना यत्न राखणे. अवजारांचा डबा नीट लावून ठेवणे हे तिचेच लहानसे गृहस्थी रूप आहे.

आणि आजींविषयी. त्याच ग्रंथाच्या सातव्या अध्यायात परिग्रहाचे लक्षण मूर्च्छा, म्हणजे वस्तूवरील आसक्ती, असे केले आहे. पतीच्या गाडीवरील त्यांच्या मायेला कोणी मूर्च्छा म्हणून हिणवू नये. पण ही माया नातवाच्या जीवाहून मोठी होऊ लागली, तर त्यांना ते प्रेमाने दाखवून द्यावे. नातवानेही पाहावे, की आपल्याला आजोबांची गाडी हवी आहे, की त्यांच्यासारखी दिसणारी दुसरीच कोणती. हौसेचीही एक मूर्च्छा असते.

आमचा कौल

रोजच्या वापरासाठी या गाडीचा ब्रेक हलवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. साठ वर्षांच्या जुन्या फ्रेमवर आडवा शाफ्ट आणि जोडदांडे घालून रोज हमरस्त्यावर जाण्यापेक्षा मुलाला डाव्या गिअरची दुसरी गाडी घेऊन देणे अधिक सुरक्षित आहे, आणि हिशेब मांडला तर कदाचित स्वस्तही. आजोबांची बुलेट मूळ रूपात दुरुस्त करावी, विंटेज नोंदणीचा विचार करावा, मूळचेच डबे नीट करून त्यांत अवजारे ठेवावीत.

मुलाला ती चालवायची असेल तर जुन्या रीतीचा सराव मोकळ्या मैदानात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, पाय न बघता अचूक जाईपर्यंत करावा. सराव असतानाही गर्दीच्या वेळी मोंढ्यात ती नेऊ नये. आणि कुटुंबाने सर्व विचार करून बदल करायचाच ठरवला, तर तो पूर्ण करावा, जुना प्रत्येक भाग जपून ठेवावा, आणि बदललेल्या गाडीच्या टाकीवर ‘गिअर डावा, ब्रेक उजवा’ अशी चिठ्ठी लावावी. उद्या जुन्या सवयीचा एखादा काका ती सहज काढून न्यायचा.

आजी आणि नातू यांनी हा मजकूर एकत्र बसून वाचावा, अशी पत्रलेखक बंधूंना विनंती.

जय जिनेंद्र.