कुंडीतील गांजा आणि कायद्याचा तराजू

गांजाचे आम्हांस यत्किंचितही ममत्व नाही. प्रश्न न्यायाचा आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याचे २० वे कलम वाचकांनी अवश्य पाहावे. चोरट्या विक्रेत्याकडून आणलेला एक किलोच्या आतील गांजा जवळ सापडला, तर शिक्षा फार तर एक वर्ष, अथवा नुसता दंड. परंतु सज्जातील कुंडीत एकच रोप वाढविले, तर सक्तमजुरीची मर्यादा दहा वर्षे! लागवडीस ‘अल्प प्रमाण’ म्हणून या कलमात नाहीच. विक्रेत्याचे गिऱ्हाईक होणे हाच सौम्य अपराध ठरला! (शेंड्यांवाचूनची पाने तर गांजाच नव्हेत, त्यांची भांग काशीत परवान्याच्या दुकानी राजरोस विकली जाते.)

रुडेरालिस जातीच्या संकरातून निघालेली नवी बुटकी रोपे दिनमान लहान होण्याची वाट न पाहता केवळ वयोमानाने फुलतात. त्यांस शेत नको, हंगाम नको, खिडकी पुरते. अशा वेळी घरातील कुंडी आणि धंद्याचा मळा यांस एकच कलम लावणे हा कोणता विवेक? जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसास घरी तीन झाडांपर्यंत मुभा देऊन संख्येची रेघ आखली. आमच्याकडील १८९३-९४ च्या कमिशननेही सरसकट बंदी अनावश्यक ठरविली होती. आम्ही मुभाही मागत नाही. विकत घेणाऱ्यास दिलेले अल्प प्रमाणाचे माप कुंडीवाल्यासही लावा, इतकेच मागतो.