नाण्याची पारख कोणी करायची?

घरातल्या जुन्या पेटीत राणीछाप रुपया सापडला, तर पूर्वी तो लक्ष्मीपूजनाच्या तबकात जात असे. आता त्याची किंमत विचारली जाते. 'अमुक सालचे नाणे जवळ असेल तर लाखो रुपये मिळतील' अशा जाहिरातींचा सुकाळ झाला आहे. 'नोंदणीशुल्क' म्हणून काही रक्कम आधी भरा, असा निरोप त्यापाठोपाठ येतो. हा प्रकार इतका फोफावला की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर निवेदन काढावे लागले. जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, आपले नाव व बोधचिन्ह वापरून शुल्क, दलाली किंवा कर मागणाऱ्यांना बळी पडू नका, असे बँकेने जनतेला बजावले.

फसवणूक हे लक्षण झाले. मूळ व्याधी अशी की, हातातले नाणे कोणत्या दर्जाचे आहे हे ठरविण्याचे कोणतेही साधन सामान्य नागरिकाजवळ नाही. ही व्याधी नवी नाही.

बट्ट्याचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत या देशात नाणे मोजून नव्हे, तर पारखून घेतले जात असे. अंकुशी, चांदवडी, हाली असे नाना तऱ्हेचे रुपये एकाच बाजारात फिरत. कोणत्या रुपयावर किती बट्टा कापायचा हे सराफ ठरवी. बंगालमध्ये तर नवा 'सिक्का' रुपया काही काळाने 'सनत' ठरे आणि धातू तोच असूनही त्याचे मोल उतरे. नाणे खरे असल्याची खूण म्हणून सराफ त्यावर आपला ठसा मारी. 'नावाला बट्टा लागणे' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत रुजला, तो या व्यवहारामुळेच.

१८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आला आणि सराफाची ही सत्ता ओसरू लागली. पुढे १९०६ च्या कायद्याने असे ठरविले की, रुपया विद्रूप केलेला नसेल आणि प्रमाण वजनापेक्षा दोन टक्क्यांहून अधिक घटलेला नसेल, तर तो पूर्ण किमतीचा कायदेशीर चलन मानला जावा. ११.६६ ग्रॅमच्या रुपयात ही सूट पाव ग्रॅमपेक्षाही कमी होती. तथापि तिच्या आत सर्व रुपये समान होते. पैशाचे मर्मच हे की त्याची पारख करावी लागू नये. नाणे चलनातून निघून संग्राहकाच्या कपाटात गेले की मात्र ते पुन्हा वस्तू बनते आणि वस्तूबरोबर प्रतवारी येते.

'गुड' म्हणजे चांगले नव्हे

या प्रतवारीची भाषाच प्रथम फसवते. संग्राहकांच्या परिभाषेत 'गुड' नाणे म्हणजे बाह्यरेषा तेवढी उरलेले, जवळजवळ गुळगुळीत झालेले नाणे. 'फाइन' म्हणजे बरेच वापरलेले. त्यावर 'व्हेरी फाइन' आणि 'एक्स्ट्रीमली फाइन', आणि सर्वांत वर 'अनसर्क्युलेटेड', म्हणजे कधी हाताळलेच न गेलेले. आपले नाणे 'फाइन' आहे असे ऐकून हुरळून जाणाऱ्या गृहस्थाला हे ठाऊक नसते.

पारख्याची नजर प्रथम नाण्याच्या उंच भागांवर जाते, कारण झीज तेथे आरंभ होते. राणीच्या रुपयावर केसांच्या बटा, गाल आणि मुकुटाचे तपशील पाहतात. पण सपाट दिसणारा प्रत्येक भाग झिजलेला असतोच असे नाही. टांकसाळीत ठसाच अपुरा उमटलेला असू शकतो. नाणे एका दिव्याखाली हळूहळू फिरवले असता मूळची झळाळी त्या भागावरूनही सरकत गेली, तर तो दोष छापाचा होय. तेथे निस्तेज पट्टा दिसला, तर ती झीज.

येथेच आपल्या घरगुती स्वच्छतेचा घात होतो. दिवाळीच्या आधी चिंच, राख किंवा रांगोळी लावून लख्ख केलेला रुपया गृहिणीला सुंदर दिसतो. संग्राहकाला त्यावर बारीक ओरखड्यांचे जाळे दिसते आणि नैसर्गिक काळपट थर गेल्याची खंत वाटते. माळेत ओवण्यासाठी लावलेल्या कडीचा डाख किनारीवर उरला असेल, तरी भाव कोसळतो. एके काळी अस्सलपणाची ग्वाही देणारा सराफाचा ठसादेखील आज सामान्यतः दोषच मानला जातो.

मापपट्टीची मर्यादा

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर निकृष्ट माल उत्तम मालाला बाजारातून हुसकावतो. जुन्या नाण्यांच्या बाजारात हे अज्ञान उलट्या बाजूनेही घात करते. घरातला रुपया विकायला जाणारा निवृत्त शिक्षक हा विक्रेता असून अडाणी असतो. त्याचे नाणे 'झिजलेले' म्हणून चांदीच्या वजनावर घेतले जाते आणि तेच पुढे 'व्हेरी फाइन' म्हणून विकले जाऊ शकते. दर्जा नाण्यात असायला हवा. येथे तो बोलणाऱ्याच्या बाजूप्रमाणे बदलतो.

यावर अमेरिकेने त्रयस्थाकडून प्रमाणीकरणाचा उपाय काढला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तेथील संस्था नाणे तपासून, एक ते सत्तर यांपैकी अंक देऊन, ते प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करू लागल्या. या अंकपट्टीचा उगम मनोरंजक आहे. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी ती तयार केली. सर्वांत वाईट सेंटच्या सत्तरपट किंमत सर्वांत उत्तम सेंटला मिळते, असा तिचा हिशेब होता. त्या किमती केव्हाच इतिहासजमा झाल्या, अंक मात्र उरले. साठपासून सत्तरपर्यंतच्या अकरा पायऱ्या तर न वापरलेल्या नाण्यांच्याच आहेत. त्यांतील भेद झिजेचा नसून झळाळीचा, बारीक व्रणांचा आणि अखेर पाहणाऱ्याच्या मताचा आहे. म्हणूनच पेटी फोडून तेच नाणे वरच्या अंकाच्या आशेने पुन्हा पाठविण्याची प्रथा पडली.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. शेल्डन यांनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी हलक्या दर्जाचे ठेवले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झाले. मापपट्टी कितीही काटेकोर असो, ती हाती धरणारा विश्वासपात्र नसेल तर व्यर्थ होय.

कायदा आणि कर्तव्य

आपल्याकडे प्रश्न अधिक बिकट आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. हा कायदा योग्यच आहे. पण त्यामुळे अशा नाण्याला परदेशी प्रयोगशाळेचा दाखला मिळविण्याची वाट बंद होते. दरवर्षी एकेका सालाची नाणी ही रेषा ओलांडतात. म्हणजे पारख येथेच व्हायला हवी.

ती करण्याचे सामर्थ्य या देशात नाही असे नव्हे. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० पासून नाणेशास्त्राची संशोधनसंस्था आहे, मोठी वस्तुसंग्रहालये आहेत. सोन्याच्या बाबतीत शुद्धतेचा शिक्का २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा करता आला. सोन्याचा कस यंत्राने ठरतो आणि नाण्याचा दर्जा नजरेने, हा फरक मान्य केलाच पाहिजे. तथापि काही नियम येथेही घालता येतील. दर्जा ठरविणाऱ्याने स्वतः नाण्यांचा व्यापार करू नये. प्रत्येक दाखल्यावर वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र असावे. साफसफाई, डाख यांसारखे दोष शब्दांत नमूद व्हावेत, केवळ अंकावर भागवू नये.

तोवर वाचकांच्या हाती तीन गोष्टी आहेत. नाणे घासू नये, ते कडेने धरावे आणि विकण्याआधी एकाहून अधिक जाणकारांना दाखवावे. विकत घेण्यासाठी आधी आपल्याकडूनच पैसे मागणारा ग्राहक हा ग्राहक नव्हे, हेही ध्यानी ठेवावे. सराफाच्या बट्ट्यातून रयतेला सोडविण्यास एक कायदा लागला होता. त्याच रयतेच्या नातवंडांवर पेटीतल्या रुपयापायी पुन्हा बट्टा भरण्याची पाळी यावी, हे आपल्या व्यवस्थेला भूषणावह नाही.